तंत्रज्ञान कंपनीचे विचार लिहून घेताना: फ्रीलान्स लेखक कसा नेमावा

संस्थापकाला लिहायला वेळ नाही, इंजिनिअरांना लिहायचा कंटाळा आहे आणि मार्केटिंगच्या माणसाला विषय वरवर कळतो, पण खोलात शिरता येत नाही. अशा वेळी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘बाहेरून लिहून घेऊ.’ इथपर्यंत ठीक आहे. गडबड पुढच्या वाक्यात होते: ‘लेखकाला विषय पाठवून देऊ, आठवडाभरात लेख येईल.’ लेख येतोही. व्याकरण चोख, परिच्छेद सुटसुटीत, आणि वाचून झाल्यावर तो कोणत्या कंपनीचा होता ते काही सांगता येत नाही. लेखकाने तो इंटरनेटवरचे आधीचे दहा लेख वाचून लिहिलेला असतो. त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नव्हतं.

फ्रीलान्स लेखक भाषा देतो, मांडणी देतो, आणि कसलेला असेल तर तुमच्या डोक्यात अर्धवट असलेलं तुमच्याकडून पुरतं वदवून घेतो. मूळ विचार मात्र कंपनीतूनच यावा लागतो. त्यामुळे पहिल्यांदा लेखक नेमणाऱ्याने दोन गोष्टींवर सर्वाधिक वेळ घालवावा: नेमका माणूस निवडणं आणि त्याला आतल्या जाणत्या माणसांसमोर बसवणं. बाकीच्या पायऱ्याही लागतातच, पण त्या या दोन्हींना सांभाळण्यासाठी.

पायरी १: सांगण्यासारखं काय आहे ते आधी धुंडाळा

लेखक शोधायला निघण्याआधी एक दुपार यासाठी काढा. लिहिण्यासारखा ऐवज कंपनीत कुठे पडून असतो त्या जागा बहुधा ठरलेल्या आहेत. सपोर्टकडे येणारे तेच ते प्रश्न. विक्रीच्या बोलण्यात ग्राहक जिथे हमखास थबकतो ती जागा. एखाद्या तांत्रिक निर्णयावरून अंतर्गत चॅटवर रंगलेला वाद. नव्या इंजिनिअरला पहिल्या आठवड्यात तोंडी सांगितलं जातं, पण कुठेच लिहून ठेवलेलं नसतं ते सगळं. आणि फसलेले प्रयोग. हा साठा सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच झाकून ठेवला जातो.

झाकून न ठेवल्याने काय होतं याचं एक उदाहरण पाहा. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या वेबसाइटना वेग आणि संरक्षण पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे घातक वाहतूक अडवणाऱ्या चाळणीत, एक नवा नियम चढवला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक साचा शोधणाऱ्या सूत्राने) जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरांचे सीपीयू पार दमवले आणि त्यांच्यामार्फत चालणाऱ्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटं कोलमडल्या. दहा दिवसांनी कंपनीने यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. ते एक्स्प्रेशन अक्षरशः काय होतं, बॅकट्रॅकिंगमुळे, म्हणजे मागे येऊन पुन्हा पुन्हा जुळवून पाहण्यामुळे, काम कसं वाढत गेलं, वाटेतले कोणते अडथळे ते रोखू शकले असते आणि का रोखलं नाही, हे सगळं त्यात होतं. असा लेख त्या कंपनीखेरीज दुसरं कुणी लिहूच शकत नव्हतं.

दुसरं उदाहरण वेगळ्या धाटणीचं. २००७ साली अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी डायनॅमो या आपल्या अंतर्गत डेटा साठवणुकीच्या व्यवस्थेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. विकायला त्यात काहीच नव्हतं. डायनॅमोडीबी ही सेवा ग्राहकांसाठी खुली झाली २०१२ साली. पण त्या निबंधातल्या कल्पनांवरून कॅसँड्रासारखे डेटाबेस घडले आणि त्या विषयात अ‍ॅमेझॉनचा शब्द वजनदार झाला. तुमची कंपनी दहा माणसांची असेल तर या मापाचं काही लिहिण्याची गरज नाही. मात्र ‘आम्ही हे केलं, असं केलं आणि अमुक कारणासाठी केलं’ हा कणा लहान लेखालाही चालतो.

हाताशी आलेल्या प्रत्येक मुद्द्याची एक कसोटी घ्या: या क्षेत्रातला एखादा जाणकार यावर ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल का? ‘सुरक्षा महत्त्वाची आहे’ याला कोण नाही म्हणणार? ‘लहान टीमने सुरुवातीलाच मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे एका सॉफ्टवेअरचे अनेक स्वतंत्र तुकडे करण्याच्या, नादी लागू नये’ याला नाही म्हणणारे मात्र भरपूर सापडतील. लेख या दुसऱ्या मुद्द्यावर होतो. असे पाच-सहा मुद्देही जमत नसतील तर लेखक नेमायची घाई नको. ती अडचण लेखकाने सुटणारी नाही.

पायरी २: कोणत्या प्रकारचा लेखक हवा ते ठरवा

इथे नवखे लोक हमखास गोंधळतात, कारण बाहेरून हे सगळे सारखेच दिसतात. टेक्निकल रायटर डॉक्युमेंटेशन लिहितो: हे बटण दाबा, ही कमांड चालवा. अचूकपणा ही त्याची ताकद, मत मांडणं हे त्याचं काम नव्हे. कॉपीरायटर विक्रीचा मजकूर लिहितो. चार ओळींत ग्राहकाला थांबवणं त्याला जमतं, पंधराशे शब्दांचा युक्तिवाद तोलून धरणं जमेलच असं नाही. तंत्रज्ञानावर लिहिणारा पत्रकार प्रश्न विचारण्यात तरबेज असतो, ऐकीव गोष्ट तपासून घेतो, डेडलाइन पाळतो. फक्त कंपनीच्या बाजूने लिहिण्याची त्याला सवय लागावी लागते. घोस्टरायटर दुसऱ्याच्या आवाजात लिहितो. संस्थापकाच्या नावाने लेख जाणार असेल तर हाच. आणि लिहिणारा इंजिनिअर हा पाचवा प्रकार: विषय घरचा, भाषा कधी उत्तम तर कधी खडबडीत.

कंपनीचे विचार मांडायचे असतील तर माझी पसंती पत्रकारितेतून आलेल्या माणसाला. वाचक प्रोग्रॅमर असतील आणि लेखात कोड येणार असेल, तर मात्र लिहिणारा इंजिनिअरच घ्या आणि त्याच्या भाषेसाठी वेगळा संपादक ठेवा. उलट बाजूने, म्हणजे चांगल्या भाषेच्या माणसाला कोड शिकवून, हे जमवायला फार वेळ लागतो.

पायरी ३: शोध

सगळ्यात भरवशाचा मार्ग जरा संथ आहे. तुमच्या क्षेत्रातले तुम्हाला आवडलेले दहा-बारा लेख काढा आणि ते कुणी लिहिले ते पाहा. लेखकाचं नाव असेल तर थेट संपर्क साधा. नाव कंपनीच्या अधिकाऱ्याचं असेल तर ओळखीने विचारा, ‘हे तुम्ही स्वतः लिहिता की कुणाची मदत घेता?’ लोक सांगतात. उद्योगविषयक नियतकालिकांत लिहिणारे, नोकरी सोडून स्वतंत्र झालेले पत्रकार हा दुसरा चांगला साठा. लिंक्डइनवर शोधता येतं, अपवर्कसारख्या मंचांवरही. तिथे अर्जांचा पाऊस पडतो, चाळायला वेळ जातो. जाहिरात टाकलीच तर तिच्यात एक छोटी अट ठेवा: ‘आमच्या उत्पादनाबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहून पाठवा.’ छापील साच्यातले अर्ज तिथेच गळतात.

नमुने वाचताना पहिलं वाक्य किती झोकदार आहे याकडे फार लक्ष देऊ नका. लेखाच्या मध्यावर जा. अवघड भाग लेखकाने समजावून सांगितला आहे की चार भारदस्त शब्द वापरून तो वळसा घालून गेला आहे, ते तिथे कळतं. एखादी गोष्ट ‘कशी चालते’ हे सांगणारा एक तरी परिच्छेद सापडतो का? कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलून मिळवलेला, दुसरीकडे न मिळणारा तपशील आहे का? डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने आपल्या शोध-दर्जाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘अनुभव’ हा निकष मुद्दाम जोडला: लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली, वापरली, पाहिली आहे का. तुमच्या वाचकाचा निकष त्याआधीपासून तोच आहे.

घोस्टरायटरचा एक पेच असतो. त्याचं उत्तम काम दुसऱ्यांच्या नावावर छापलेलं असतं आणि ते दाखवायला कराराने बंदी असते. अशा वेळी आधीच्या ग्राहकाशी फोनवर बोलायची परवानगी मागा. आणि ज्याने बंदी असूनही ते लेख बिनदिक्कत दाखवले, त्याला तुमचीही गुपितं सांगायला अडचण वाटणार नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी ४: पहिलं बोलणं आणि पैसे देऊन घेतलेली चाचणी

पहिल्या अर्ध्या तासाच्या कॉलवर तुम्ही कमी बोला. कोण किती प्रश्न विचारतो, कसले विचारतो, इकडे कान द्या. ‘किती शब्द हवेत, कधी हवेत, कीवर्ड कोणते’ एवढ्यावर थांबणारा लेखक कामाचा असू शकतो, पण या कामासाठी नाही. ‘हे वाचून वाचकाने नेमकं काय वेगळं करावं असं तुम्हाला वाटतं?’, ‘तुमचे प्रतिस्पर्धी यावर काय म्हणतात?’, ‘याच्या विरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?’ असं विचारणारा हवा. ‘हे मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगता का?’ हे जो संकोच न बाळगता म्हणतो, त्याच्या नावापुढे खूण करा. तुमच्या वाचकालाही नेमकं तिथेच अडणार असतं.

दोन-तीन जण उरले की प्रत्येकाला एक लहान, पण खरं काम द्या. पाचशे-सहाशे शब्दांचा मजकूर, तुमच्या एका इंजिनिअरशी वीस-पंचवीस मिनिटांचं बोलणं, आणि मानधन ठरल्या दराने. फुकट चाचणी मागू नका. चांगले लेखक ती नाकारतात, म्हणजे तुमची चाळणी उलटी चालते: हवे ते गळतात आणि नको ते उरतात. सगळ्यांना विषय एकच द्या आणि माणूसही एकच द्या. मग त्याच बोलण्यातून कुणी काय उचललं ते शेजारी ठेवून पाहता येतं. शेवटी त्या इंजिनिअरला विचारा, यांपैकी कुणाशी पुन्हा बोलायला आवडेल? त्याच्या उत्तराला माझ्या मते निम्मं वजन द्यावं. कारण पुढे महिनोन्महिने वेळ त्यालाच द्यायचा आहे.

पायरी ५: एक पानाचं ब्रीफ

ब्रीफ म्हणजे लेखकाला द्यायची कामाची रूपरेषा. ती मोठी नको, टोकदार हवी. त्यात वाचक कोण ते लिहा, आणि ‘सीटीओ’ (कंपनीचा तंत्रज्ञान प्रमुख) एवढं लिहून थांबू नका. ‘चाळीस जणांच्या कंपनीतला सीटीओ, ज्याचं क्लाउडचं बिल गेल्या वर्षात दुप्पट झालं आहे आणि ज्याला पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये त्याचं उत्तर द्यायचं आहे’ असं लिहा. मग लेखाचा दावा एका वाक्यात. त्याखाली दाव्याला आधार काय: कोणते आकडे आहेत, ते कुणाकडे मिळतील, कोणते बाहेर सांगायचे नाहीत. कुणाशी बोलायचं त्यांची नावं. लेख कुणाच्या नावाने जाणार. आणि कोणते शब्द चालणार नाहीत; ‘क्रांतिकारी’, ‘जागतिक दर्जाचे’, ‘अत्याधुनिक’ यांनी ती यादी सुरू करायला हरकत नाही.

दावा एका वाक्यात लिहिता येत नसेल तर ब्रीफ लेखकाकडे पाठवू नका. ‘क्लाउडच्या खर्चाविषयी लेख’ हा विषय झाला. ‘क्लाउडचा खर्च वाढतो तो बहुतेकदा वापर वाढल्याने नाही, तर बंद करायचे राहून गेलेले सर्व्हर आणि कुणाच्याच मालकीचा नसलेला डेटा यांमुळे’ हा दावा झाला. लेखक दुसऱ्यावरून कामाला लागू शकतो.

पायरी ६: मानधन

दर चार प्रकारे ठरतो: शब्दाला, तासाला, लेखाला किंवा महिन्याला. शब्दाचा दर हिशोबाला सोपा आहे, पण तो लांबलचक लिहिण्याला बक्षीस देतो. जो लेखक दोन हजार शब्द घासून बाराशेवर आणतो, त्याने तुमच्यासाठी जास्त काम केलेलं असतं आणि त्याला कमी पैसे मिळतात. तासाचा दर प्रामाणिक असला तरी दोन्ही बाजूंना धाकधूक ठेवतो. सुरुवातीला लेखामागे ठरावीक रक्कम बरी. जोडी जमली की महिन्याला अमुक लेख असा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम.

लेखामागे रक्कम ठरवताना तिच्यात काय काय येतं ते लिहून काढा: किती मुलाखती, संशोधनाचा वेळ, आराखडा, मसुदा, दुरुस्तीच्या किती फेऱ्या. दोन फेऱ्या हा सर्रास चालणारा नियम आहे. तिसरीचे पैसे वेगळे. दुरुस्ती म्हणजे काय तेही स्पष्ट असू द्या. मुद्दा तोच ठेवून मजकूर सुधारणं ही दुरुस्ती. मसुदा आल्यावर ‘आता आपण दुसरंच काहीतरी लिहू’ म्हणणं हे नवीन काम.

पहिल्या कामाला काही रक्कम आगाऊ द्या. लेख तुमच्या बाजूने रद्द झाला तर किती द्यायचे तेही आधीच ठरवा. व्यवसायात याला किल फी म्हणतात आणि ती मागितली म्हणून लेखकाला वाईट समजायचं कारण नाही. पैसे चुकते होण्याचा दिवस इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजावा, लेख प्रसिद्ध झाल्यापासून नाही. प्रसिद्धी कधी करायची हे तुमच्या हातात असतं. लेखकाने का थांबावं?

पायरी ७: करार

वकिलाला विचारा, हे ओघाने आलंच. पण त्याच्याकडे जाण्याआधी चार गोष्टी तुम्हाला ठाऊक हव्यात.

पहिली, कॉपीराइट. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आज १८० हून अधिक देश आहेत आणि त्याच्या नियमानुसार लेखनावरचा हक्क नोंदणीशिवाय, लिहिताक्षणी निर्माण होतो. तो पहिल्यांदा कुणाचा? नोकरीतल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलं तर बऱ्याच देशांत मालकाचा. फ्रीलान्सर कर्मचारी नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत हक्क सहसा लेखकाचाच राहतो, तुम्ही पैसे चुकते केले असले तरी. तो कंपनीकडे यायचा असेल तर तसं लिहून सही व्हावी लागते. हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर हस्तांतरित होईल, असं वाक्य घालणं दोघांच्याही सोयीचं. लेखक म्हणून नाव लागण्याचा नैतिक हक्क अनेक देशांत याहून वेगळा धरला जातो. घोस्टरायटिंगमध्ये म्हणूनच नावाबद्दलचं कलम स्वतंत्र असावं.

दुसरी, गोपनीयता. सरसकट ‘सगळं गुप्त’ म्हणणारा एनडीए (गोपनीयतेचा करार) लेखकाला घाबरवतो आणि तुमचं रक्षणही धड करत नाही. ग्राहकांची नावं, न आलेली फीचर्स, सुरक्षेतल्या उघड्या त्रुटी, आर्थिक आकडे अशी यादी करा. काम पोर्टफोलिओत दाखवायचं की नाही तेही इथेच ठरवा. दाखवू दिलंत तर दर थोडा नरमतो.

तिसरी गोष्ट पेटंटची, आणि तंत्रज्ञान कंपन्या तिच्यात खरोखर फसतात. युरोपीय पेटंटच्या नियमात, अगदी मोजके अपवाद सोडले तर, अर्ज दाखल होण्याआधी कल्पना जाहीर झाली की तिचं नावीन्य संपलं. मग ती कंपनीने स्वतःच जाहीर केलेली का असेना. अमेरिकेत शोधकर्त्याने स्वतः जाहीर केल्यापासून वर्षभराची सवलत मिळते. ती सवलत सगळीकडे आहे असं धरून चालणाऱ्या कंपनीचं पेटंट एका लेखापायी हातचं जातं. तेव्हा ‘आम्ही हे असं बनवलं’ धाटणीचा प्रत्येक लेख प्रसिद्ध होण्याआधी पेटंट बघणाऱ्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या.

चौथी, एआयचा वापर. गप्प बसून दोघांनी वेगवेगळं गृहीत धरण्यापेक्षा लिहून टाका. मुलाखतीच्या रेकॉर्डिंगचं ट्रान्स्क्रिप्ट करायला साधन वापरलं तर चालेल का? कोणतं? गोपनीय मजकूर कोणत्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही, हे तर हवंच. लेख यंत्राने लिहिला तर हक्काचाही प्रश्न येतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं आहे की मानवी कर्तृत्व नसलेल्या भागावर कॉपीराइट मिळत नाही. आणि मुळात यंत्राने लिहिलेलंच हवं असेल तर मध्ये लेखक कशाला?

पायरी ८: मुलाखत, म्हणजे कामाचं खरं ठिकाण

एका लेखासाठी जाणत्या माणसाचा एक तास. एवढा तास मिळणार नसेल तर लेख पुढे ढकला, ईमेलवर प्रश्नावली पाठवून काम भागवू नका. ईमेलवर माणूस सावध होतो आणि जाहिरातीच्या भाषेत शिरतो. तोच माणूस बोलताना म्हणतो, ‘खरं सांगू का, आम्ही आधी उलटंच केलं होतं.’ लेख तिथून सुरू होतो.

माणूस मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द बोलतो. म्हणजे तासाभरात आठ-नऊ हजार शब्द जमतात आणि लेखात लागतात दीड हजार. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, बोलणाऱ्याने मुद्देसूद बोलण्याची चिंता करू नये. निवडणं हे लेखकाचं काम. दोन, रेकॉर्डिंग हवंच, आणि ते बोलणाऱ्याला सांगून. ‘हे छापू नका’ असं मध्येच म्हणायची मुभा त्याला असते, हेही सुरुवातीलाच सांगावं. ती मुभा असली की माणूस मोकळा होतो, आणि छापू नका म्हटलेल्यांपैकी बरंचसं नंतर स्वतःच छापू देतो.

तुमचं काम काय? मुलाखतीआधी लेखकाला जुने दस्तऐवज, डिझाइनच्या नोंदी, एखादं अंतर्गत प्रेझेंटेशन द्या, म्हणजे ‘तुमची कंपनी काय करते’ यात पंधरा मिनिटं जाणार नाहीत. इंजिनिअरला सांगा, की तयारी नको, स्लाइड नकोत. आणि तुम्ही स्वतः कॉलवर बसू नका. व्यवस्थापक समोर असला की माणूस अधिकृत बोलतो. मार्केटिंगचा माणूस समोर असला तर तो मध्येच उत्तर ‘सुधारून’ देतो, हे त्याहून वाईट.

कसलेला लेखक आपले प्रश्न घेऊनच येतो. तरी पहिल्या काही वेळा खालच्या धर्तीचे प्रश्न विचारले जात आहेत का, हे ट्रान्स्क्रिप्ट चाळून बघा:

- या विषयावर सगळे म्हणतात, पण तुम्हाला चूक वाटतं, असं काय आहे?
- हे बनवताना कोणता पर्याय तुम्ही टाकून दिला, आणि का?
- अगदी अलीकडे हे बिघडलं तेव्हा नेमकं काय झालं? सकाळपासून सांगा.
- नवा माणूस टीममध्ये आला की यातलं काय त्याला हटकून चुकीचं वाटतं?
- तुमची पद्धत कुणी मुळीच वापरू नये?

शेवटचा प्रश्न कंपनीतल्या लोकांना आवडत नाही. पण आपलं उत्पादन कुणासाठी नाही हे जो लेख सांगतो, त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर वाचक विश्वास ठेवतो.

मुलाखतीनंतर दोन दिवसांत लेखकाकडून अर्ध्या पानाचा आराखडा मागवा: दावा, क्रम, कोणतं उदाहरण कुठे. भांडायचं असेल तर इथे भांडा. आराखड्यावर दहा मिनिटांत होणारा बदल मसुद्यावर तीन दिवस खातो.

पायरी ९: मसुदा तपासणं

मसुदा वाचणारे कितीही असोत, लेखकाला उत्तर देणारा एकच असावा. पाच जणांनी एकाच गुगल डॉकवर एकमेकांविरुद्ध टिपा लिहिल्या आणि लेखकाने मधला मार्ग काढला, की लेखातली धार गेलीच म्हणून समजा. सगळ्यांच्या सूचना त्या एकाने गोळा कराव्यात, परस्परविरोधी असतील तिथे निर्णय घ्यावा आणि एकच यादी पाठवावी.

कुणी काय तपासायचं तेही वाटून द्या. इंजिनिअर: तांत्रिकदृष्ट्या चुकीचं काय आहे तेवढंच. विधी विभाग: काय सांगता येत नाही तेवढंच. ज्याच्या नावाने लेख जाणार तो: हे मी बोललो असतो का? यासाठी लेख मोठ्याने वाचावा. जीभ जिथे अडखळते ते वाक्य त्याचं नाही. वाक्यरचना आणि शब्दांची निवड मात्र लेखक आणि संपादकावर सोडा. इंजिनिअर मंडळींना प्रत्येक विधानाला अपवाद जोडायची खोड असते, आणि ते बरोबरही असतात. तरी सातवा अपवाद लेखात ठेवायचा का, हा निर्णय त्यांचा नसावा.

टीप लिहिताना उपाय न सांगता अडचण सांगा. ‘हा परिच्छेद बदला’ यातून लेखकाला काही कळत नाही. ‘इथे वाचकाला वाटेल की आम्ही रिअल-टाइम डेटा देतो, प्रत्यक्षात तो पाच मिनिटं जुना असतो’ यावर त्याला काम करता येतं. आणि शेवटच्या क्षणी पहिल्या परिच्छेदात ‘या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी’ घुसवायचा मोह कुणाला तरी होतोच. तो कुणी टाळायचा हे आधीच ठरवून ठेवा.

पायरी १०: प्रसिद्धीनंतर

लेख आला की ज्याचे विचार आहेत त्यानेच तो आपल्या ओळखीच्यांना पाठवावा, दोन ओळी स्वतःच्या लिहून. कंपनीच्या खात्यावरून गेलेल्या पोस्टपेक्षा हे जास्त लांब पोचतं. तोच लेख दुसऱ्या साइटवर पुन्हा छापणार असाल तर मूळ लेख कुठला ते सर्च इंजिनला सांगणारा, पानाच्या कोडमधला कॅनॉनिकल टॅग लावायला सांगा. २००९ पासून मोठी सर्च इंजिनं तो ओळखतात.

यश मोजताना पहिल्या महिन्याच्या भेटींवर जाऊ नका. तंत्रज्ञानावरच्या लेखाचे वाचक थोडे असतात आणि थोडेच हवे असतात. विक्रीच्या टीमने तो लेख आपणहून ग्राहकाला पाठवला का? मुलाखतीला आलेल्या उमेदवाराने त्याचा उल्लेख केला का? कुणा जाणकाराने त्यावर वाद घातला का? हे विचारायला डॅशबोर्ड लागत नाही, महिन्यातून एकदा चार जणांना फोन पुरतो. जे कळेल ते लेखकालाही कळवा. बहुतेक कंपन्या इन्व्हॉइसचे पैसे चुकते केले की लेखकाला विसरतात, आणि पुढच्या लेखात तीच चूक पुन्हा दिसली की नवल करतात.

पहिले तीन लेख होईपर्यंत लेखक बदलू नका, अगदीच बिनसलं नसेल तर. तुमचे लोक, तुमच्या संज्ञा, तुमचे जुने वाद समजायला एवढा वेळ लागतोच. चौथ्या लेखालाही तुम्हीच मुद्दा पुरवत असाल आणि लेखक एकही सुचवत नसेल, तर मात्र शोध पुन्हा सुरू करा. तोपर्यंत सगळी रेकॉर्डिंग, ट्रान्स्क्रिप्ट, आराखडे आणि न चालणाऱ्या शब्दांची यादी कंपनीच्या फोल्डरमध्ये जमा होत राहील, एवढी काळजी पहिल्या कामापासून घ्या. एका लेखात न मावलेले सात हजार शब्द त्यात असतात, आणि पुढचे दोन-तीन विषय बहुधा तिथेच सापडतात.